प्रायव्हेट पायलट झालात, आता चुका होणार: त्या लिहायच्या कशा, सांगायच्या कुणाला आणि पुन्हा टाळायच्या कशा

मी न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी भाड्याची सेसना १७२ (चार सीटचं छोटं विमान) उडवतो, साडेतीनशेच्या आसपास तास झालेत. लायसन्स कसं काढायचं यावर भरपूर माहिती मिळते, टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी, मेडिकल, लेखी परीक्षा, चेकराईड (शेवटची प्रत्यक्ष परीक्षा), सगळं. पण लायसन्स खिशात आल्यावर पहिल्या शंभर-दोनशे तासांत ज्या चुका होतात त्यांचं करायचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिकताना शेजारी इन्स्ट्रक्टर असतो, तो तिथल्या तिथे टोकतो. एकटं उडायला लागलं की टोकणारं कुणी नाही, आणि मन काय करतं, तर आधी घाबरतं आणि मग घरी गाडी लावेपर्यंत ती चूक छोटी करून टाकतं. आठवडा गेला की आपल्याला खरंच वाटायला लागतं की सगळं वाऱ्यामुळेच झालं.

माझा भाचा बारामतीला विमान शिकतोय, त्याने परवा फोनवर विचारलं की मामा तुझ्याकडून काय काय चुकलं ते सांग ना. तेव्हा वही काढून बसलो, आणि मग वाटलं हे नीट लिहूनच काढावं. खालचं सगळं अमेरिकेतल्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमांप्रमाणे आहे. भारतात डीजीसीएचे नियम वेगळे, त्यामुळे नासाच्या फॉर्मचा भाग (मुद्दा ४) तिथे लागू नाही, बाकी वही आणि इन्स्ट्रक्टरचं जे आहे ते कुठेही चालेल.

आधी हाताशी हे ठेवा

- एक साधी वही, लॉगबुकपासून वेगळी (का ते पुढे सांगतो)
- फोरफ्लाईट किंवा जे अ‍ॅप वापरता त्यात ट्रॅक लॉग (विमानाचा मार्ग, उंची, वेग यांची नोंद) चालू केलेला
- हेडसेटचा आवाज रेकॉर्ड करायची सोय, साधी वायर आणि जुना फोन पुरतो
- लायसन्स, मेडिकल आणि फोटो ओळखपत्र, ही तिन्ही उडताना जवळ लागतातच
- नासाच्या एएसआरएस फॉर्मची (पायलटने स्वतःची चूक कळवायचा फॉर्म) लिंक फोनमध्ये सेव्ह केलेली
- भाड्याने उडवत असाल तर स्वतःच्या नावावर रेंटर्स इन्शुरन्स. विमानाच्या मालकाचा विमा विमानाचे पैसे भरतो आणि नंतर इन्शुरन्स कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

१. हवेत असताना झालेल्या चुकीचा विचार करत बसू नका

हे आधी, कारण एका चुकीतून दुसरी इथेच निघते. काहीतरी चुकलं, फ्रिक्वेन्सी चुकीची लावली, उंची दोनशे फूट वर गेली, टॉवरवाला आवाज चढवून बोलला, की डोकं तिथेच अडकून बसतं. तेव्हा एवढंच करा, विमान सरळ, वेग बघा, कुठे आहात बघा, मग बोला. बाकी हिशोब खाली उतरल्यावर. मी मांडीवर पॅड बांधतो, त्यावर फक्त वेळ लिहून एक फुली मारतो. म्हणजे मनाला कळतं की हे नोंदवलंय, नंतर बघू, आणि ते सोडून देतं.

२. त्याच दिवशी लिहा, विमानतळावरच, गाडी सुरू करायच्या आधी

लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. एका दुपारी एकटाच होतो, क्रॉसविंड (आडवा वारा) सात-आठ नॉट, काही विशेष नाही. १७२ ला फायनलवर (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) ६५ नॉट पाहिजे, मी ७५ ने आलो. दहा नॉट जास्त म्हणजे विमान रनवेवर तरंगत राहतं, खाली बसतच नाही. मला घाई झाली, मी योक (विमानाचं स्टिअरिंग) थोडं पुढे ढकललं, पुढचं चाक आधी आपटलं, विमान उडालं, मी पुन्हा ढकललं, पुन्हा आपटलं. दोन बाउन्स. तिसऱ्याला कसंबसं बसलं. याला पॉर्पॉइझ म्हणतात आणि यात तिसरा-चौथा आपटा प्रोपेलर जमिनीला लावतो.

त्या संध्याकाळी बायकोला मी सांगितलं की वारा होता, लँडिंग जरा रफ झालं. दोन दिवसांनी ट्रॅक लॉग उघडला तेव्हा दिसलं की वारा त्यात कुठेच नव्हता. बेस लेगवरच (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) मी उंच होतो, ते भरून काढायला नाक खाली केलं, नाक खाली केलं म्हणून वेग वाढला, आणि वाढलेला वेग मला दिसत होता तरी मी पुढे आलो. म्हणजे चूक रनवेवर झाली असं मी धरून बसलो होतो ती खरं तर दीड मिनिट आधी, बेसवर झाली होती.

तेव्हापासून वहीत चारच गोष्टी लिहितो:

काय झालं (एक वाक्य, विशेषणं नाहीत). त्याच्या दोन मिनिटं आधी मी काय करत होतो. कुठल्या क्षणी मला कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. आणि तेव्हा मी थांबलो का नाही.

यातला तिसरा आणि चौथा प्रश्न खरा. माझ्या वहीत आता साठच्या वर नोंदी आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी उत्तर असं आहे की मला कळलं होतं, आणि मी तरी पुढे गेलो. त्या लँडिंगला सरळ गो-अराउंड करायचं होतं (उतरणं सोडून पुन्हा वर जायचं), फुल थ्रॉटल, कार्ब्युरेटर असलेलं जुनं विमान असेल तर कार्ब हीट बंद, फ्लॅप लगेच २० अंशांवर, उजवा रडर, आणि ट्रिममुळे नाक वर उसळतं ते दाबून धरायचं. हे सगळं मला चेकराईडला येत होतं. त्या दिवशी ते आठवलंच नाही, कारण लायसन्स मिळाल्यापासून तीन महिन्यांत मी एकदाही गो-अराउंड केलं नव्हतं. आता दर महिन्याला एक तरी मुद्दाम करतो, लँडिंग छान जमत असलं तरी.

सापळा: हे सगळं लॉगबुकात लिहू नका. एफएएने मागितलं तर लॉगबुक दाखवावं लागतं, तिथे तारीख, तास, लँडिंग एवढंच. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ तर अजिबात टाकू नका, विमानाचा नंबर दिसणारा तर नाहीच. मित्र कौतुकाने पुढे पाठवतात आणि तो कुठे पोचेल सांगता येत नाही.

३. विमानाला धक्का बसला असेल तर लगेच सांगा

हे मी वेगळं लिहितोय कारण मला याची आजही बोच आहे. त्या दोन बाउन्सनंतर मी विमान पार्क केलं, दोर बांधले, चावी पेटीत टाकली आणि निघालो. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. अर्ध्या रस्त्यात डोक्यात आलं की उद्या सकाळी याच विमानात एखादा विद्यार्थी त्याच्या पहिल्या सोलोला (एकट्याने उडायला) जाईल. गाडी बाजूला घेतली आणि मेकॅनिकला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याने काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून बघितलं तर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पत्र्याला खालच्या बाजूला सुरकुती होती. १७२ चं पुढचं चाक आपटलं की ताण तिथेच जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. विमान सहा आठवडे बंद राहिलं, माझ्या विम्याने बराचसा खर्च दिला आणि कुणीही मला एक शब्द वाकडा बोललं नाही. मेकॅनिक म्हणाला, फोन करणारे कमी असतात.

तर नियम असा, जोरात आपटलात, विंगटिप कशाला लागली, गवतात गेलात, इंजिन रेडलाईनच्या (कमाल मर्यादेच्या) वर गेलं, तर चावी परत करायच्या आधी सांगायचं आणि विमानाच्या स्क्वॉक शीटवर (बिघाड नोंदवायच्या कागदावर) लिहायचं. मोठं नुकसान किंवा कुणाला गंभीर इजा झाली असेल तर तो अपघात, आणि एनटीएसबीला (अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेला) ताबडतोब कळवावं लागतं. त्यात ही वही-बिही बाजूला ठेवा आणि वकिलाशी बोला.

४. नासाचा फॉर्म भरा, दहा दिवसांच्या आत

नवीन पायलटला ही गोष्ट सर्वात उशिरा कळते, खरं तर पहिल्या सोलोच्या आधी कळायला हवी.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या एअरलाईनचं ५१४ नंबरचं विमान, बोइंग ७२७, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. ९२ जण होते, सगळे गेले. अ‍ॅप्रोचची परवानगी मिळाली म्हणजे किती उंचीपर्यंत खाली यायचं, यात कंट्रोलर आणि पायलट यांची समजूत वेगवेगळी होती. पण यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की साधारण दीड महिना आधी दुसऱ्या एका एअरलाईनचं विमान त्याच ठिकाणी त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं, आणि माहिती तिथेच राहिली. टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत ती पोचायला रस्ताच नव्हता. तो रस्ता म्हणजे एएसआरएस, १९७६ मध्ये सुरू झालेली. पैसे एफएए देते पण चालवते नासा, म्हणजे तुमची कबुली शिक्षा करणाऱ्याच्या हातात जात नाही.

माझा पहिला फॉर्म असा. टॉवर असलेल्या एका विमानतळावरून परत निघालो होतो. ग्राउंडने (जमिनीवरची विमानं हलवणाऱ्या कंट्रोलरने) सांगितलं की टॅक्सीवे अल्फावरून जा आणि वाटेतल्या रनवेच्या अलीकडे थांब. मी बरोबर रीडबॅक केलं, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली. मग चालता चालता आयपॅडवर रूट टाकायला लागलो, मान वर केली तेव्हा नाक होल्ड शॉर्ट रेषेच्या (रनवेच्या अलीकडे थांबायच्या रेषेच्या) पलीकडे गेलेलं, जवळजवळ विमानाची अर्धी लांबी. कुणी उतरत नव्हतं. ग्राउंडवाला म्हणाला थांब, आणि मग ते वाक्य आलं, पॉसिबल पायलट डेव्हिएशन (पायलटकडून नियम मोडला गेला असावा), फोन नंबर लिहून घे.

फॉर्म कसा भरायचा:

- एएसआरएसच्या साईटवर जनरल फॉर्म निवडा, ऑनलाईनच भरता येतो. फुकट आहे.
- वर आयडी स्ट्रिप असते, नाव-पत्ता-फोन तिथेच लिहायचा. खालच्या मजकुरात स्वतःचं नाव, विमानाचा नंबर, कुणाचंच नाव नको.
- जे झालं ते वहीतल्या त्याच क्रमाने. का झालं असं वाटतं तेही लिहा, वाचणारे लोक विमान क्षेत्रातलेच असतात, आणि काही स्पष्ट नसेल तर ते फोनही करतात.
- ती स्ट्रिप शिक्का मारून पोस्टाने तुमच्याकडे परत येते. हाच तुमचा पुरावा, दुसरी प्रत नासाकडे राहत नाही. मी मेडिकलच्या फाईलमध्ये ठेवतो.

आता याने काय मिळतं. चूक नकळत झालेली असेल, अपघात किंवा गुन्हा नसेल, गेल्या पाच वर्षांत एफएएने तुमच्यावर दुसरं उल्लंघन धरलेलं नसेल आणि दहा दिवसांत फॉर्म गेलेला असेल, तर तुम्ही नियम मोडला असं एफएएने ठरवलं तरी लायसन्स सस्पेंड करणं किंवा दंड हे लावत नाहीत. ठपका रेकॉर्डवर राहू शकतो, शिक्षा होत नाही. फॉर्म कितीही वेळा भरता येतो. मी आतापर्यंत पाच भरलेत, त्यातल्या चारांत कुणी मला पकडलंही नव्हतं.

सापळा: दहा दिवस म्हणजे दहाच. आपण विचार करत बसतो की भरू का नको, एवढं काही झालं नाहीये, आणि दिवस जातात. शंका आली की भरा, अर्धा तास लागतो.

५. टॉवरने फोन नंबर दिला तर

आधी विमान नीट घरी न्या किंवा पार्क करा, त्या अवस्थेत पुढे उडावंसं वाटत नसेल तर उडू नका, मी दोन तास तिथेच लाउंजमध्ये बसून होतो. फोन करायचा की नाही आणि काय बोलायचं यावर आधी सल्ला घेणं बरं, एओपीएच्या (पायलटांच्या संघटनेच्या) कायदेशीर मदतीचं सभासदत्व घेतलेलं असेल तर ते याचसाठी. मी फोन केला, थोडक्यात बोललो, वाद घातला नाही. तीन आठवड्यांनी एफएएच्या इन्स्पेक्टरचा फोन आला. २०१५ पासून एफएएचं धोरण असं आहे की पायलट सहकार्य करत असेल आणि मुद्दाम केलेलं नसेल तर आधी शिकवून सुधारायचं. मला इन्स्ट्रक्टरबरोबर रनवे सेफ्टीवर दोन तास जमिनीवर आणि एक तास टॅक्सी-उड्डाण करायला सांगितलं, ते केलं, पत्र आलं, विषय संपला. त्या इन्स्पेक्टरने मला सर्वात आधी काय विचारलं माहितीये? तू यातून काय बदललंस. माझ्याकडे वही होती म्हणून उत्तर होतं.

६. इन्स्ट्रक्टरकडे वही घेऊन जा

दर तीन-चार महिन्यांनी एक तास. फ्लाईट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी) कायद्याने २४ महिन्यांनी एकदा लागतो, एवढं थांबू नका, दोन वर्षांत माणूस किती वाईट सवयी गोळा करतो. मी वहीतल्या शेवटच्या सात-आठ नोंदी वाचून दाखवतो आणि तो त्यातल्या दोन निवडतो, मग हवेत त्याच परिस्थितीत मला टाकतो. एकदा त्याने नोंदी ऐकल्या आणि म्हणाला, तुझ्या अर्ध्या चुका दुपारी चारनंतरच्या आहेत, तू जेवतोस का? मी खरंच शनिवारी सकाळी पोहे खाऊन निघायचो आणि संध्याकाळपर्यंत कॉफीवर असायचो. हे माझं मला कधीच दिसलं नसतं. आता बॅगेत केळी आणि चिक्की असते.

७. प्रत्येक नोंदीतून एक ओळीचा नियम काढा

जपून उडायचं हा नियम होत नाही. नियम असा पाहिजे की पाळला की नाही हे हो किंवा नाहीत सांगता येईल. माझे काही:

- खाली बघायचं असेल तर विमान उभं आणि पार्किंग ब्रेक लावलेला. टॅक्सी करताना आयपॅडला हात नाही.
- ५०० फुटांवर वेग ७० च्या वर असेल तर गो-अराउंड, चर्चा नाही.
- टाकीत काठी बुडवून मोजल्याशिवाय इंजिन सुरू नाही. आधीच्या माणसाने फुल लिहिलंय यावर एकदा विश्वास ठेवला होता आणि डाव्या टाकीत सहा गॅलन कमी निघाले. कायद्याने दिवसा ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन शिल्लक लागतं, मी नेहमी एक तासाचं धरतो.

आणि चौथा नियम, जो मला सगळ्यात महाग पडला असता. आई-बाबा नाशिकहून आले होते, सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला होता, सोमवारचं परतीचं विमान. त्यांना हडसन नदीवरून स्टॅच्यू ऑफ लिबर्टी दाखवायचं मी पहिल्या दिवसापासून कबूल केलं होतं आणि काही ना काही कारणाने राहत गेलं. उरला शेवटचा रविवार. हडसनचा जो कॉरिडॉर आहे तिथे १,३०० फुटांच्या खाली राहायचं, १४० नॉटच्या वर जायचं नाही, १२३.०५ फ्रिक्वेन्सीवर प्रत्येक ठरलेल्या खुणेला आपण कुठे आहोत ते सांगायचं, आणि हेलिकॉप्टरं आणि विमानं एकमेकांना डोळ्यांनी बघून चालतात. ८ ऑगस्ट २००९ ला तिथेच एक छोटं पायपर विमान आणि टूरचं हेलिकॉप्टर धडकून नऊ जण गेले, त्यानंतर हे नियम सक्तीचे झाले. त्या रविवारी व्हिजिबिलिटी होती चार मैल, कायद्याला तीन पुरतात, आणि ढग २,२०० फुटांवर. कागदावर सगळं चालण्यासारखं. आईने थालीपिठं डब्यात भरली होती. मी टेकऑफ केलं.

दहा मिनिटांत पुढचं क्षितिज दुधात पाणी मिसळल्यासारखं झालं, वर-खाली कळेना. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने २० वैमानिकांवर प्रयोग केला होता, इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्यांना बाहेरचं दिसेनासं केलं, तर वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तो आकडा मला पाठ होता आणि तो त्या क्षणी आठवला, मागच्या सीटवर आई होती. मी वळलो, अठरा मिनिटांत परत खाली.

गाडीत बाबा म्हणाले, "अरे, मला सकाळीच विचारायचं होतं, समोरची झाडं नीट दिसत नाहीयेत तर चाललोय कशाला. पण तू इतकी तयारी केली होतीस, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

म्हणजे विमानात तिघं होतो आणि तिघांनाही कळत होतं. तेव्हापासूनचा नियम: आदल्या रात्री मी पाहुण्यांना दोन कार्यक्रम सांगतो, उडायचा आणि न उडायचा, दोन्ही तितकेच चांगले ठरवून ठेवतो. पाहुणे असतील तर ढग ३,००० फूट आणि व्हिजिबिलिटी सहा मैलांच्या खाली निघायचं नाही. आणि विमानात बसायच्या आधी प्रत्येकाला सांगतो की तुम्हाला काही विचित्र वाटलं तर मोठ्याने बोलायचं, परत फिरायला कारण द्यावं लागणार नाही.

८. दुसऱ्यांच्या नोंदी वाचा

एएसआरएसचं कॉलबॅक नावाचं मासिक दर महिन्याला ईमेलने फुकट येतं, आलेल्या रिपोर्टांतले निवडक, नावं काढून. एनटीएसबीच्या साईटवर विमानाचा प्रकार टाकून अपघात शोधता येतात, सेसना १७२ टाका आणि लँडिंगचे वाचा. मी एका बैठकीत तीनच वाचतो, जास्त वाचले की झोप लागत नाही. वाचताना वहीतलाच तिसरा प्रश्न लावून बघा, या माणसाला कधी कळलं होतं. एफएएचा विंग्ज नावाचा पायलटांच्या उजळणीचा कार्यक्रम पण आहे, त्याची एक फेज पूर्ण केली की ती फ्लाईट रिव्ह्यू म्हणून धरतात, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबर वही घेऊन घालवलेले तास तिथे मोजून घेता येतात.

वही फ्लाईट बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, पेनासकट. मी सुरुवातीला घरी टेबलावर ठेवायचो आणि पहिल्या वर्षीच्या निम्म्या नोंदी त्यामुळेच हुकल्या. नोंदीतली वेळ झुलू वेळेत (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, म्हणजे ट्रॅक लॉग आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघताना तासांचा घोळ होत नाही.